बादलीभर गरम पाण्याचा हिशेब

पर्यावरणासाठी घरात काय बदलायचं असं विचारलं की कापडी पिशवी, स्टीलची बाटली, एलईडी दिवे ही उत्तरं लगेच येतात. ते सगळं करावंच. पण चार माणसांच्या घरात एका सकाळी आंघोळीच्या पाण्यावर जेवढी ऊर्जा जाते, तेवढी घरातल्या एलईडी दिव्यांवर आठवडाभरात जेमतेम जाते. आणि हिशेब मात्र नेमका याच खर्चाचा कुणी मांडत नाही.

तो मांडायला सोपा आहे. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. डिसेंबरच्या सकाळी कोल्हापुरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी साधारण २२ अंशांचं धरू. आंघोळीला ४० अंश पुरे होतात. बादली २० लिटरची, वाढवायचे अंश १८, म्हणजे ३६० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. म्हणून एक बादली म्हणजे ०.४२ युनिट. नऊ वॅटचा दिवा रोज पाच तास लावला तर एवढी वीज खपायला नऊ दिवस लागतात. पुढचं सगळं या एका आकड्यावर उभं आहे.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आधीच कोमट असतं, त्यामुळे वर्षाची सरासरी धरली तर बादलीला ०.३५ युनिट. चार माणसं, ३६५ दिवस: सुमारे ५०० युनिट. आपल्याकडच्या विजेच्या एका युनिटामागे हवेत साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड जातो. म्हणजे वर्षाला ३५० किलो, जवळजवळ १५० लिटर पेट्रोल जाळल्याइतका.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. कोयना धरण जवळच्या सातारा जिल्ह्यात, राधानगरी तर आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात, मग आपली वीज पाण्यावरची, असं बरेच जण धरून चालतात. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे हे खरं. पण विजेच्या तारांना जिल्हा नसतो. सगळी केंद्रं एकाच जाळ्यात वीज ओततात आणि त्या जाळ्यात सगळ्यात मोठा वाटा कोळशाचा आहे. आपण गीझर लावला की मागणी त्या सगळ्या जाळ्यावर पडते.

आता कुणी म्हणेल, आम्ही शॉवरनं आंघोळ करतो, त्याचं काय? साध्या शॉवरमधून मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी पडतं. आठ मिनिटांत ७० लिटर, म्हणजे साडेतीन बादल्या. कोणता गीझर घ्यावा यावर घरात महिनाभर चर्चा होते, पण बादली की शॉवर या एका निवडीचा परिणाम त्याहून मोठा असतो. शॉवर हवाच असेल तर साबण लावताना बंद करायचा, नाहीतर त्यात पाणी कमी सोडणारी चकती बसवून घ्यायची.

गीझर, रॉड आणि गॅस

इलेक्ट्रिक गीझर वीज वाया घालवतो असं सरसकट म्हणता येत नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच उतरते. नुकसान होतं ते दोन ठिकाणी. एक, चालू ठेवून विसरल्यावर. २५ लिटरचा गीझर चोवीस तास चालू राहिला तर पाण्याचा थेंबही न वापरता अर्धा ते एक युनिट नुसतं गरम राहण्यात जातं. दोन, टाकीचा आकार. २५ लिटर पाणी २२ वरून ६० अंशांवर न्यायला ९५० किलोकॅलरी, म्हणजे १.१ युनिट लागतं. दोन किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी ३३ मिनिटं. असं कढत पाणी विसण घातल्यावर ५० लिटरच्या वर भरतं, अडीच बादल्या. एकापाठोपाठ आंघोळी होणार असतील तर हे उत्तम. पण एकट्या माणसानं एका बादलीसाठी २५ लिटर तापवायचे आणि उरलेलं पाणी दिवसभर गार होऊ द्यायचं, हे दीडपट-दुप्पट वीज खाणारं काम आहे. एक-दोघांच्या घराला १० लिटरचा गीझर पुरतो.

थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवावा. ६० च्या वर गेलं की क्षार भराभर खाली बसतात आणि कॉइलवर पांढरा थर चढतो. मग पाणी तापायला वेळ लागतो आणि तापताना आतून कडकड आवाज येतो. बोअरच्या पाण्यावर हे फार लवकर होतं. मात्र कोमट पाणी दिवसचे दिवस साठवून ठेवलं तर त्यात जंतू वाढतात. म्हणून आठवड्यातून एकदा ६० पर्यंत जाऊ द्यावं.

आणि एक गोष्ट जिवाची. गीझर तापत असताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं. २५ लिटर पाणी तापलं की पाव-अर्धा लिटरनं फुगतं, ते बाहेर येतं, एवढंच. त्याला गळती समजून बूच मारणारे लोक आहेत. कधीही मारू नये. वाढलेल्या दाबाला वाट राहिली नाही तर टाकी फुटते.

रॉडचा हिशेब गीझरहून चांगलाच आहे: लागतं तेवढंच पाणी तापतं, साठवण नाही. दीड किलोवॅटचा रॉड एका बादलीला १७ मिनिटं घेतो. वर झाकण ठेवलं तर थोडं आधीच. दोष सुरक्षेत आहे. रॉड लोखंडी किंवा स्टीलच्या बादलीत टाकू नये. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. घरात ३० मिलिअँपिअरवर तुटणारा ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारं बटण, नसेल तर रॉड वापरूच नये. पाणी तापलं का ते बोटानं पाहण्याची सवय माणसं मारते.

गॅसचं उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल. गॅस गीझरला एका बादलीसाठी साधारण ४० ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साडेतीनशे बादल्या. एक किलो गॅस जळून तीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे बादलीमागे १२० ग्रॅम. तीच बादली विजेवर जवळजवळ ३०० ग्रॅमची होते. कारण कोळसा जाळून वीज करताना निम्म्याहून जास्त उष्णता तिथंच वाया जाते, तर गॅस थेट पाण्याखाली जळतो. शेगडीवर पातेल्यात तापवलं तर गॅस थोडा जास्त लागतो. पातेल्यावर झाकण आणि बुडाबाहेर न जाणारी ज्योत, या दोन गोष्टी तिथं पाळाव्यात.

पण गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवायचा नाही. बंद बाथरूममध्ये प्राणवायू कमी पडला की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी गरगरतं, मग कडी काढायचंही भान राहत नाही. गीझर बाहेरच्या भिंतीवर किंवा उघड्या गॅलरीत हवा आणि आत फक्त पाइप यायला हवा. जागा नसेल तर गॅस गीझर घेऊ नये.

बंब

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत आणि आसपासच्या गावांत तांब्याचा बंब अजून आहे. त्याची रचना हुशारीची आहे. मधून धुराड्याची नळी जाते, तिच्याभोवती पाणी असतं. वरून नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि तेवढंच गरम पाणी तोटीतून बाहेर पडतं. त्यामुळे बंब कधी रिकामा होत नाही, तांबं करपत नाही.

जळणातल्या उष्णतेचा तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो असं धरलं तर एका बादलीला ३०० ग्रॅमच्या आसपास वाळलेलं लाकूड लागतं. शेताच्या बांधावरच्या फांद्या, नारळाच्या झावळ्या, गुऱ्हाळावरचं चिपाड असं जळण असेल तर कार्बनचा हिशेब बरा आहे, कारण ते पुन्हा उगवतं. वाईट आहे तो धूर, कारण तो आपल्या आणि शेजाऱ्याच्याच छातीत जातो. धूर जळण ओलं असल्यानं होतो. ओल्या लाकडातलं पाणी वाफ करण्यातच बरीच उष्णता संपते, जाळ थंड पडतो आणि अर्धवट जळलेला कोळसा हवेत जातो. म्हणून जळण पावसाआधी फोडून, मनगटाएवढं करून, छपराखाली रचायचं. नळीतली काजळी आठवड्याला झाडायची, कारण ती उष्णता अडवते. पेटवायला दुधाच्या पिशव्या, जुन्या चपला, वायरींचे तुकडे घालणं मात्र बंदच व्हायला हवं. पीव्हीसी जळून निघणारी विषं अंगणातच उतरतात. पेटवायला करवंटीचे तुकडे घ्यावेत.

गच्चीवरचा सोलर

खरी बचत इथं, उन्हावर पाणी तापवणाऱ्या सोलर वॉटर हीटरमध्ये आहे, आणि सगळ्यात जास्त चुका होतात त्याही इथंच.

पहिली चूक आकाराची. सोलरचं पाणी ६० अंशांचं असलं तर ४० अंशांच्या २० लिटरच्या बादलीत ते फक्त साडेनऊ लिटर लागतं, बाकी विसण. म्हणजे १०० लिटरच्या टाकीत दहा बादल्या. थंडीत पाणी ५० अंशांपर्यंतच पोचलं तरी सात-आठ. चार-पाच माणसांना १०० लिटर पुरतात. २०० लिटरचा संच घेतला की रोज निम्मं गरम पाणी न वापरता गार होतं, आणि पैसे, काच, पोलाद यांवर झालेला खर्च फुकट जातो.

प्रकार दोन. सपाट पेटीचा: काचेखाली काळा तांब्याचा पत्रा आणि नळ्या, १०० लिटरला साधारण दोन चौरस मीटर. दुसरा काचेच्या नळ्यांचा: दुहेरी काच आणि मधे निर्वात पोकळी, थर्माससारखी. ५८ मिलिमीटर जाडीच्या, १८०० मिलिमीटर लांबीच्या दहा-बारा नळ्या १०० लिटरला पुरतात. पाणी महापालिकेचं असेल तर दोन्ही चालतात. बोअरचं असेल तर काचेच्या नळ्याच घ्याव्यात. सपाट पेटीतल्या बारीक तांब्याच्या नळ्या क्षारांनी बुजल्या की त्या सौम्य आम्लानं साफ कराव्या लागतात. काचेची नळी काढून ब्रशनं घासता येते.

दोन्हींत पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, गार खाली येतं. म्हणून टाकी नेहमी पॅनेलच्या वर असते, आणि म्हणूनच जोडणी थोडी चुकली तरी सगळं अडतं. प्लंबरशी बोलताना चार गोष्टी नेमक्या विचाराव्यात. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा निदान एक फूट वर आहे का? नसेल तर सोलर पूर्ण भरणार नाही. हवेचा पाइप, म्हणजे एअर व्हेंट, गार टाकीच्या पाण्याच्या पातळीच्याही वर उघडा ठेवलाय का? तो नसला किंवा बुजला तर लाइन एअर पकडते. टाकी रिकामी होताना आत हवा शिरली नाही तर चांगली पोलादी टाकी आत चेपते. गार पाण्याच्या जोडावर एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह आहे का? नसेल तर गच्चीची टाकी रिकामी झाली की सोलरचं गरम पाणी उलट गार पाण्याच्या पाइपात उतरतं. चौथी गोष्ट टाकीतल्या मॅग्नेशियमच्या कांडीची. ती गंजते म्हणून टाकी गंजत नाही. वर्षा-दोन वर्षांनी ती बदलावी लागते, आणि ही कांडी असते हेच बहुतेकांना माहीत नसतं.

तोंड दक्षिणेला. कोल्हापूर साधारण १६.७ अक्षांशावर आहे. गरम पाणी हवं असतं थंडीत, तेव्हा सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, म्हणून उतार २५ ते ३० अंशांचा ठेवावा. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ५० अंशांवरच असतो. दक्षिणेच्या एक मीटर उंच कठड्याची सावली तेव्हा पाऊण मीटरच्या पुढं पडते, सकाळी नऊला तर त्याहून बरीच लांब. अडथळ्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडलं की काम होतं. पेठांत घरं एकमेकांना लागून आहेत, तिथं शेजारच्या मजल्याची सावली डिसेंबरात पाहूनच जागा ठरवावी. मे महिन्यात पाहून ठरवलेली जागा फसवते.

काचेच्या नळ्या फुटण्याचं नेहमीचं कारण गारा किंवा माकडं नसतात, गार पाणी असतं. दुपारी रिकाम्या नळ्या उन्हात प्रचंड तापतात. त्या वेळी टाकी भरली की काच तडकते. पाणी गेलेलं असेल तर सोलर सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर भरावा. आठ-दहा दिवस गावाला जाणार असाल तर निम्म्या नळ्यांवर गोणपाट टाकून जावं. वापर नसताना पाणी उकळून क्षार बसतात.

पाइपातलं पाणी

सोलर चांगला असूनही "आमच्याकडं पाणी लवकर गरम येत नाही" अशी तक्रार असते, ती बहुधा पाइपाची असते. पाऊण इंची पाइपच्या एका मीटरमध्ये पाव लिटर पाणी राहतं. गच्चीपासून खालच्या बाथरूमपर्यंत १५ मीटर पाइप असेल तर चार लिटर गार पाणी आधी येणार, आणि बहुतेक ते मोरीत जाणार. आंघोळ झाल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात उरून गार होणार. सकाळी चार जण दोन-दोन तासांच्या अंतरानं आंघोळ करत असतील तर १६ लिटर पाणी आणि तितक्याच पाण्याची उष्णता रोज गेली. कोल्हापुरात हे पाणी काळम्मावाडी धरणातून पन्नास किलोमीटरहून लांब पाइपानं येतं आणि पुईखडीच्या केंद्रात शुद्ध होतं. त्याच्या प्रत्येक लिटरवर आधीच वीज खर्च झालेली आहे.

उपाय साधे आहेत. एका बाथरूमसाठी अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा) पाइप वापरला तर पोटातलं पाणी निम्मं होतं. आंघोळी लागोपाठ कराव्यात. पहिलं गार पाणी वेगळ्या बादलीत धरावं, ते फरशीला, कपड्यांना होतं. पाइपावर काळ्या फोमची नळी चढवतात तिची जाडी ९ मिलिमीटर तरी हवी. ती उन्हात वर्षा-दोन वर्षांत भुगा होते, म्हणून वरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळायचीच. गच्चीवर लोंबणारे फोमचे तुकडे दिसले की तिथं ही टेप राहिलेली आहे असं समजावं.

अपार्टमेंटमध्ये सगळ्यांची मिळून एक टाकी असेल आणि पाणी फिरतं ठेवायला पंप असेल, तर तो चोवीस तास चालवू नये. गरम पाणी दिवसभर पाइपात फिरून उष्णता भिंतींना देतं. टायमर लावून साडेपाच ते आठ एवढाच चालवावा.

पावसाळ्यात काय करायचं

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ऊन मोजून-मापून मिळतं, जुलैत तर दिवसेंदिवस मिळत नाही. मग विक्रेते टाकीतच दोन किलोवॅटची कॉइल बसवायला सांगतात. ती बसवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ती कॉइल १०० लिटरची सगळी टाकी तापवते. २२ वरून ६० अंशांवर न्यायला ४.४ युनिट लागतात, आणि चार बादल्यांची गरज आहे १.७ युनिटची. त्यात सकाळी उठून कॉइल लावली आणि नऊनंतर ऊन पडलं तर सूर्याला तापवायला काही उरतच नाही.

त्याऐवजी बाथरूममध्ये छोटा गीझर ठेवावा आणि सोलरची लाइन त्याच्या आत द्यावी. आलेलं पाणी गरम असलं तर थर्मोस्टॅट कॉइल लावतच नाही, कोमट असलं तर उरलेले अंशच वाढवतो. ढगाळ दिवशीही सोलर पाणी २८-३० अंशांपर्यंत नेतो, ते फुकट जात नाही. फक्त तो गीझर गरम पाणी आत घ्यायला चालतो का, हे खरेदीआधी त्याच्या कागदावर पाहून घ्यावं. काहींना चालत नाही.

छतावर वीज तयार करणारे पॅनेल लावायचे असतील तर? प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत २०२४ पासून एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान आहे. जागेच्या मानानं पाहिलं तर वॉटर हीटर उन्हातली निम्मी ऊर्जा पाण्यात उतरवतो, वीज पॅनेल साधारण पाचवा हिस्सा. गच्ची लहान असेल तर आधी वॉटर हीटर. गच्ची मोठी असेल आणि पॅनेल लागणारच असतील, तर उन्हाळ्यात जादा तयार झालेली वीज नेट मीटरवर जमा होते आणि पावसाळ्यात गीझरला वापरता येते. मग वेगळा वॉटर हीटर नसला तरी चालतं.

अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांसाठीची यात्री निवासं, लॉज, वसतिगृहं यांना हीट पंप पाहण्यासारखा आहे. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांचं काम होतं, म्हणजे बादली ०.१४ युनिटांत. ढग असोत नसोत, तो चालतो, आणि आपल्या हवेत गोठण्याचा प्रश्न नाही. घरगुती वापराला किंमत जास्त पडते, पण वर्षभर रोज पन्नास बादल्या लागत असतील तर हिशेब बसतो.

देखभालीचा महिना मे. पहिला पाऊस आला की नदीच्या पाण्यात गाळ येतो, त्याआधी सोलरची टाकी तळाच्या बुचातून रिकामी करून धुवावी, तीही पहाटे. काचेवरची धूळ पुसावी, मॅग्नेशियमची कांडी काढून पाहावी. अंगठ्याएवढी जाड असायची ती पेन्सिलीएवढी राहिली असेल तर बदलावी. व्हेंट पाइपात गांधीलमाशीनं घर केलंय का ते तारेनं पाहावं. ऑक्टोबरात ऊन परतलं की छोटा गीझर मुख्य बटणावरूनच बंद करून टाकावा. त्याचा दिवा नुसता लुकलुकत राहिला की महिन्याकाठी दहा-पंधरा युनिट कधी गेले ते कळतही नाही.